खेडं बघायला फ्रान्सला कशाला?

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा आणि सून नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूझला असतात. पुढच्या वर्षी या बाई आणि त्यांचे यजमान पहिल्यांदाच तीन आठवडे तिकडे जाणार आहेत. मुलाने पाठवलेल्या कॅलेंडरवर त्यांनी लॉत नदीकाठच्या सँ-सिर-लापोपी या गावाचं चित्र पाहिलं. तेव्हापासून तिथे चार-पाच दिवस राहावं असं त्यांच्या मनात आहे. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गुडघे दुखरे. ते म्हणतात, "खेडं बघायला फ्रान्सला कशाला? मेणवलीचा घाट काय वाईट आहे? जायचंच तर पॅरिस-स्वित्झर्लंडची टूर करू." मुलगा म्हणतो, "ते दोन तासांत बघून होतं, शनिवारी गाडीने नेऊन आणतो." दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि फ्रेंच अजिबात येत नाही. "गाव अजून जुनं, अस्सल आहे तोवर बघावं असं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तर तो हट्ट ठरतोय. धरू की सोडू?" असं त्या विचारतात.

ताई,

आधी तुमच्या मुलाची बाजू घेते, रागावू नका. सँ-सिर-लापोपी दोन तासांत बघून होतं हे अगदी खरं. नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलेलं गाव, कायमची वस्ती दोनशेच्या आसपास. एक मुख्य उतरती गल्ली, तिला फुटलेले बोळ, १३व्या ते १६व्या शतकातली दगडी आणि लाकडी चौकटींची घरं, उभट छपरांवर तपकिरी कौलं, गढीसारखं दणकट चर्च. सगळ्यांत वर किल्ल्याचा उरलासुरला खडक, आणि तिथून खाली दिसणारं नदीचं वळण. झालं गाव. तुमच्या कॅलेंडरवरचं चित्र बहुधा समोरच्या रस्त्यावरून किंवा वरच्या वळणावरून काढलेलं असणार. गावात शिरलं की ते चित्र दिसत नाही, कारण आपण चित्राच्या आत असतो.

आता मुलाला काय सांगायचं ते सांगते. तो ज्या वेळी तुम्हाला न्यायचं म्हणतोय, त्या वेळी तिथे गाव नसतं, गर्दी असते. २०१२ साली फ्रान्समध्ये टीव्हीवरच्या मतदानात हे गाव देशाचं सर्वांत आवडतं गाव ठरलं, आणि आधीच असलेली वर्दळ आणखी वाढली. आता वर्षाला लाखो माणसं येतात, ती मुख्यतः दिवसाच. शनिवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात पार्किंगसाठी रांग, मग उतारावर माणसांची रांग, मग आइस्क्रीमची रांग. यजमान वर खांबाला टेकून उभे राहतील आणि "मी म्हणत नव्हतो?" म्हणतील. त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

पण संध्याकाळी सहा-सातला गाड्या निघून जातात. जूनमध्ये तिकडे साडेनऊ वाजून गेले तरी उजेड असतो, आणि सप्टेंबरच्या मध्यावर आठपर्यंत. म्हणजे गावात मुक्काम करणाऱ्याला गर्दी गेल्यावरचे एक-दोन तास, जूनमध्ये तर तीन तास, उजेडात मिळतात. सकाळी दहाच्या आधीचे दोन तास वेगळेच. तुम्ही मागताय ते याच वेळात आहे. त्यासाठी रात्र तिथे काढायला हवी, हे तुमचं मन बरोबर सांगतंय.

मात्र चार-पाच रात्री नकोत. दोन पुरेत. तिसऱ्या दिवशी तुम्हीच कंटाळाल. भाजी आणायला जाऊ म्हणाल तर मोठं किराणा दुकान नाही, आणि दुपारभर त्याच गल्लीत तेच लोंढे. गाव हे त्या खोऱ्यातलं एक ठिकाण आहे. तुमच्या पत्रात नदीचा उल्लेख एकदाच आहे, तोही गावाचं नाव सांगताना. खरा ऐवज त्या नदीत आहे. त्याकडे येतेच, पण आधी त्या "अस्सल" शब्दाचं बोलू.

"अस्सल आहे तोवर बघावं" असं तुम्ही लिहिलंय. त्यामागे अशी कल्पना दिसते की जुन्या काळी हे गाव आपल्यातच रमलेलं, शांत, शेतीवाडी करणारं होतं आणि आता पर्यटकांनी त्याचा बाजार केला. पण सँ-सिर पहिल्यापासून बाजाराचंच गाव आहे. लापोपी, गुर्दों आणि कार्दायाक अशा तीन घराण्यांच्या सरदारांचे वाडे इथल्या कड्यावर होते, कारण या जागेवरून नदीवर नजर ठेवता यायची. आजही गल्ल्यांच्या नावांत कातडी कमावणारे आणि तांबट आहेत. इथले लाकूड कातणारे कारागीर सगळ्यांत प्रसिद्ध. ते माळावरच्या बॉक्सवूडचे पिंपांना लावायचे तोटीचे नळ करायचे. बॉक्सवूड म्हणजे हळू वाढणारं, पिवळसर, टणक झुडपी लाकूड. हाताच्या पंजात मावेल एवढा नळ, त्यात फिरणारी लाकडी खुंटी, आणि ती इतकी घट्ट बसवलेली की वाइनचा थेंब गळू नये. याच नदीवरच्या काओर शहराची काळसर लाल वाइन पिंपांत भरून नदीवाटे बोर्दोला जायची, तेव्हा त्या वाहतुकीवर हे गाव पोसलं जायचं. १८८६ मध्ये नदीकाठाने काओर ते काप्देनाक रेल्वे सुरू झाली आणि होड्यांचा धंदा बसला. मग कारागीर गेले, घरं ओस पडली. गावाच्या गल्ल्या मोकळ्या आणि शांत होत्या त्या या पडत्या काळात. त्या शांततेवर भाळून चित्रकार आणि लेखक आले, त्यांनी पडकी घरं घेतली, डागडुजी केली.

त्यांतले दोघे लक्षात ठेवा. पहिले चित्रकार आँरी मार्तँ. हे मूळ तुलूझचे. दुसरे कवी आंद्रे ब्रेताँ, अतिवास्तववादाचे प्रवर्तक. १९५० मध्ये त्यांनी हे गाव पाहिलं, पुढच्या वर्षी नावाड्यांची जुनी खाणावळ असलेलं घर विकत घेतलं, आणि १९६६ मध्ये वारले तोवर उन्हाळे तिथेच घालवले. दुसरीकडे कुठे असावं असं वाटणंच आता थांबलं, अशा अर्थाचं त्यांनी या गावाबद्दल लिहून ठेवलंय. तुम्हाला कॅलेंडर बघून जे झालं तेच म्हणायचं. ते घर आता गावाच्या मालकीचं आहे, तिथे प्रदर्शनं भरतात. म्हणजे होड्या गेल्यावर गावाला तगवलं ते बाहेरून आलेल्या, गावावर जीव जडलेल्या माणसांनी. तुम्ही त्याच रांगेत आहात. म्हणून पर्यटक म्हणून जाताना ओशाळं वाटून घेऊ नका, आणि दुकानात फ्रेंच आजीबाई सूत काततेय असं काही दिसलं नाही तर नाराजही होऊ नका.

आता यजमानांकडे येऊ. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्यांच्या एका वाक्यासाठी. खेड्याचा विषय निघाल्यावर त्यांना मेणवली आठवली. मेणवली म्हटलं की बहुतेकांना नाना फडणविसांचा वाडा आठवतो. त्यांना आठवला घाट! उभा जन्म पाण्याचा हिशेब करण्यात गेलेल्या माणसाला तुम्ही कौलारू घरांचं चित्र दाखवलंत. त्यात त्यांना काय मिळणार होतं?

त्यांना लॉत नदी दाखवा. लोझेरच्या डोंगरात उगम, जवळजवळ पाचशे किलोमीटरचा वळणावळणांचा प्रवास, आणि शेवटी गारोन नदीला मिळून बोर्दोकडे. पूर्वी ही नदी उन्हाळ्यात उथळ आणि पुरात अंगावर येणारी होती. तिच्यात होड्या चालाव्यात म्हणून ठिकठिकाणी तिरके बंधारे घातले. बंधाऱ्याच्या एका अंगाला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या अंगाला होडी वरखाली करायचं जलद्वार. सतराव्या शतकात कोल्बेर या मंत्र्याच्या काळात ही कामं मोठ्या प्रमाणावर झाली आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा वाढवली. सँ-सिरच्या पायथ्याशीच असं एक जलद्वार आहे. रेल्वे आल्यावर सगळं बंद पडलं, पण १९९० मध्ये या पट्ट्यात नौकानयन पुन्हा सुरू झालं. आता भाड्याने होडी घेतलेली कुटुंबं बऱ्याच जलद्वारांवर हातानेच चाक फिरवून झडपा उघडतात, पाणी समपातळीला येईपर्यंत थांबतात आणि पुढे जातात. काठावर बाकावर बसून हे बघायला गुडघे लागत नाहीत. तासाभरात ते त्या फ्रेंच कुटुंबाला खुणांनी सूचना देताना दिसले तर नवल वाटून घेऊ नका. वरच्या अंगाला, लॉतची उपनदी त्र्युयेर हिच्यावर, जलविद्युत धरणांची मोठी साखळी आहे. तिच्यामुळे खालचं पाणी कसं खेळवलं जातं, हा प्रश्न त्यांना एकट्याला पुरेल.

गावापासून काही किलोमीटर खाली बुझिएस हे गाव आहे. तिथून नदीकाठाने एक पायवाट निघते. होड्या प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या तर काठावरून दोर लावून ओढाव्या लागत. आधी माणसं ओढायची, नंतर घोडे. पण इथे कडा थेट पाण्यात उतरतो, ओढणाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. म्हणून १८४०च्या दशकात कड्याच्या पोटातच वाट कोरून काढली. डोक्यावर झुकलेला चुनखडी खडक, एका हाताला पाणी, आणि भिंतीवर छिन्नीचे घाव अजून मोजता येतील असे. मधे एका टप्प्यावर १९८०च्या दशकात दानिएल मोनिए या शिल्पकाराने खडकात मासे आणि शंखशिंपल्यांसारखे आकार कोरले आहेत. लोक ते जुनं समजून फोटो काढतात. वाट सपाट आहे आणि पाहिजे तिथून माघारी फिरता येतं. सगळी वाट चालत सँ-सिरपर्यंत जायची गरज नाही, शेवटी चढ आहे. बुझिएसहून मोसमात तासा-सव्वा तासाच्या नौकाफेऱ्याही असतात. होडीतून मान वर करून गाव पाहिलं की ते त्या कड्यावर का बसलंय ते कुणी सांगावं लागत नाही.

आणि काओरचा पूल. १३०८ मध्ये सुरू होऊन १३७८ मध्ये पुरा झालेला, तीन बुरुजांचा. सत्तर वर्षं काम चाललं म्हटल्यावर दंतकथा हवीच. कंत्राटदाराने सैतानाशी करार केला, तू काम पुरं करून दे, आत्मा घे. काम संपत आलं तेव्हा त्याने सैतानाला शेवटचं काम सांगितलं, गवंड्यांना चाळणीतून पाणी आणून दे. सैतान हरला आणि रागाने मधल्या बुरुजाचा एक दगड रोज रात्री काढू लागला. १८७९ मध्ये डागडुजी करणाऱ्या वास्तुविशारदाने त्या कोपऱ्यावर दगड उचकटणारा छोटा सैतान कोरून बसवला. तो खालून दिसतो, मात्र शोधावा लागतो. सरकारी बांधकामं का रखडतात याची चर्चा तुमच्याकडे संध्याकाळी होतच असेल, तर हा विषय त्यात आयता भर घालेल.

इथे एक नाजूक गोष्ट विचारते. तुम्ही लिहिलंय, "पहिल्यांदा काहीतरी मागितलं." मला ते पटतं, आणि म्हणूनच भीतीही वाटते. चाळीस वर्षांचं न मागितलेलं सगळं एका गावाच्या डोक्यावर ठेवलंत, तर ते गाव कितीही सुंदर असो, त्याला ते पेलणार नाही. एखादा दिवस पाऊस पडेल, एखादं हॉटेल बंद असेल, यजमान कुरकुरतील, आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं. तसं होऊ देऊ नका. दोन रात्री हव्यात हे स्पष्ट सांगा आणि ती सहल म्हणूनच मागा. न्याय मागितल्यासारखी मागू नका. आणि यजमानांचा नकार गावाला आहे का, हेही एकदा शांतपणे विचारा. माझा अंदाज, भीती उताराची आणि भाषेची आहे. टूरमध्ये मराठी बोलणारा मॅनेजर असतो, बस दारात येते, रात्री वरण-भात असतो. साठीनंतर पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला हे हवंसं वाटणं काही कमीपणाचं नाही.

पण टूर आणि गाव यांत एकच निवडायचं, हे कुणी ठरवलं? तीन आठवडे आहेत. स्वित्झर्लंड या खेपेस वगळावं असं मला वाटतं, कारण त्यात पैसे आणि दिवस दोन्ही बरेच जातात. पॅरिस मात्र त्यांना द्या, आणि नीट चार दिवस द्या. नकाशा बघा. काओर तुलूझपासून ट्रेनने सव्वा ते दीड तासावर आहे, आणि तुलूझहून पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनला जाणारी जुनी रेल्वे काओरवरूनच जाते. काओरहून पॅरिस सव्वापाच तासांच्या आसपास. म्हणजे तुमचं गाव त्यांच्या पॅरिसच्या वाटेवरच आहे. वाकडी वाट करायची नाहीये.

मी असं करीन. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. फ्रेंच शाळा उघडलेल्या असतात, ऊन सुसह्य असतं. जुलै-ऑगस्ट टाळाच. मे महिना वरवर चांगला दिसतो, पण १ आणि ८ मे आणि असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार अशा सुट्ट्यांना जोडून सगळा देश बाहेर पडतो. रविवारी दुपारी उशिरा मुलाला गाडीने न्यायला सांगा, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा लोक परतत असतील. मुलाला म्हणावं, सोमवारची एक रजा काढ. सोमवारी सकाळी पेश-मेर्लची गुहा, दुपारी सेले नदीचं खोरं, बुझिएसची पायवाट, आणि रात्री तो परत. मंगळवारची सकाळ दोघांची. मंगळवारी दुपारी काओरला मुक्कामाला जा. बुधवारी सकाळी तिथल्या कॅथेड्रलसमोर बाजार भरतो, शनिवारीही असतो. बाजार उरकून पॅरिसची गाडी पकडा. "खरा फ्रान्स" ज्याला तुम्ही म्हणताय तो मला त्या बाजारात जास्त दिसतो. तिथे पिशव्या घेऊन आलेल्या बायका खरबूज हुंगून घेतात, आणि विकणाऱ्याने आज खायचं की उद्या हे विचारल्याशिवाय खरबूज हातात पडत नाही.

मुलाला रजा मिळाली नाही तर? काओर ते फिजाक बस सँ-सिरच्या पायथ्याशी, पुलापलीकडे तूर-द-फोरला थांबते. तिथून गाव चढावर सुमारे दोन किलोमीटर. सामान घेऊन हा चढ तुम्ही दोघांनी चढायचा नाही. ज्यांच्याकडे खोली घ्याल त्यांना आधीच ईमेल करा, पायथ्यापासून घेऊन जाल का किंवा टॅक्सी सांगाल का म्हणून. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, रविवारी त्यावर विसंबू नका. आणि दुसरं काहीच जमलं नाही, फक्त एका दिवसाचीच सहल शक्य झाली, तर शनिवार नको, आठवड्यातला दिवस धरा, आणि सकाळी साडेआठला पोचा किंवा दुपारी चारनंतर.

पेश-मेर्लबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते गावाइतकंच ते मोलाचं आहे. १९२२ मध्ये जवळच्या काब्रेरे गावच्या दोन पोरांना या गुहेतली आदिमानवाची चित्रं सापडली. लास्कोची प्रसिद्ध गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे, तिथे प्रतिकृती दाखवतात. इथे मात्र मूळ चित्रं दिसतात. ठिपक्यांचे दोन घोडे, विरुद्ध दिशांना तोंड केलेले, एकमेकांवर थोडे चढलेले. उजव्या घोड्याचं डोकं खडकाच्या नैसर्गिक उंचवट्यातच आहे, चित्रकाराने आधी खडकात घोडा पाहिला असणार. भोवती हाताच्या पंजांचे ठसे. वय सुमारे २९,००० वर्षं. दिवसाला मर्यादित लोकांनाच सोडतात, साधारण ७००, म्हणून आगाऊ आरक्षण लागतं. आत फोटो काढू देत नाहीत. थंडी बाराएक अंशांची, स्वेटर न्या. पायऱ्या आहेत, त्याची कल्पना यजमानांना आधी द्या. आपले ब्रेताँसाहेब १९५२ मध्ये इथे आले, चित्र खरं आहे का म्हणून त्यांनी मॅमथच्या रेघेवर बोट घासून पाहिलं, वाटाड्याशी हमरीतुमरी झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि कवीला दंड भरावा लागला. तेव्हा हात खिशात ठेवा.

गुडघ्यांचं. सँ-सिरमध्ये सपाट असं फार थोडं आहे. फरसबंदी दगडी, पावसात निसरडी. खोली घेताना "वरच्या रस्त्यालगतची" मागा, आणि जिन्याच्या पायऱ्या किती आहेत ते विचारा. जुन्या घरांत तळमजल्यावर दुकान आणि वर अरुंद वळणाचा जिना असतो. चौकात, सोंब्रालच्या चौकात, बसायला जागा आहे. यजमान तिथे बसतील, तुम्ही खडकावर चढून या. दोघांनी सगळं एकत्रच बघायला हवं असा नियम नाही. चपला नकोत, तळवा चांगला धरणारे बूट हवेत.

खाण्याबद्दल तुम्हाला काळजी आहे ती रास्त आहे. हा बदकांचा मुलूख. बदकाची मांडी, बदकाचं यकृत, आणि ज्याकडे आपलं लक्ष जात नाही ते म्हणजे बदकाची चरबी. बटाटे आणि घेवडासुद्धा तिच्यात परततात, म्हणून "फक्त भाजी" सांगून भागत नाही. चीज डोळे झाकून खाऊ नका. रोकामादूरचं शेळीच्या दुधाचं छोटं चकतीसारखं चीज तिथलं वैभव, पण पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. तुम्हाला चालतं की नाही ते तुम्ही ठरवा, पण माहीत असलेलं बरं. साधा पारंपरिक बगेत पाव बिनधास्त खा, त्यात पीठ, पाणी, मीठ, खमीर याशिवाय फारसं काही नसतं. ब्रिऑशमध्ये अंडी असतात. क्रोसाँच्या वर बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. यावर उपाय एकच, स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर. तिकडे त्याला जीत म्हणतात. तुलूझहून निघतानाच डाळ, तांदूळ, भाजी, दूध घेऊन निघा. रविवारी दुपारनंतर दुकानं मिळत नाहीत, सोमवारी बरीच हॉटेलं बंद, आणि दोननंतर जेवण मागितलं तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. काओरच्या बाजारातून अक्रोड, खरबूज, टोमॅटो घ्या. केरसीचं, म्हणजे याच मुलखाचं, केशरही मिळतं. महाग आहे, पण घरी श्रीखंडात घालायला चिमूटभर आणा.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. दुकानात शिरताच आधी "बोंजूर" म्हणायचं, मग काय हवं ते खुणांनी. न म्हणता थेट वस्तूला हात लावला तर माणूस कोरडा होतो, म्हटलं तर धावून येतो. अंडी, मांस, मासे, चरबी चालत नाही असं फ्रेंचमध्ये सुनेकडून एका कार्डावर लिहून घ्या.

व्हिसा. मुलाच्या घरी राहणार असाल तर त्याने तिथल्या नगरपालिकेतून यजमानपत्र (पाहुणे आपल्या घरी राहणार असल्याचं पत्र) काढून मूळ कागद तुम्हाला पाठवायचा असतो. याला वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यांत आधी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. गावातल्या आणि पॅरिसमधल्या रात्रींची आरक्षणं वेगळी जोडा.

ज्या वाचकांचं तिकडे कुणी नाही आणि फक्त पॅरिसला जाणार आहेत, त्यांनी लॉतपर्यंत धावू नये. पॅरिसच्या गार द लिओनहून तासाभराच्या आत मोरे-सुर-ल्वँला पोचता येतं. लहानसं नदीकाठचं जुनं शहर, चित्रकार सिसले शेवटची वर्षं तिथे राहिले आणि १८९९ मध्ये तिथेच वारले. किंवा ओव्हेर-सुर-वाझ, जिथे व्हॅन गॉगने १८९० मधले आयुष्यातले शेवटचे सत्तर दिवस काढले. तो आणि त्याचा भाऊ थिओ, दोघांच्या थडग्यांवर एकच आयव्हीची वेल पसरली आहे, आणि गव्हाची शेतं तिथून दोन पावलांवर. गावं निवडायला "फ्रान्सची सर्वांत सुंदर गावं" या १९८२ मध्ये सुरू झालेल्या संघटनेची यादी सोयीची आहे, पण त्या यादीत नाव म्हणजे दुपारी गर्दी, हे धरूनच चाला.

तुलूझला असतानाच कापितोल या नगरसभेच्या इमारतीत आँरी मार्तँची प्रचंड भित्तिचित्रं बघून घ्या. गारोनच्या काठी फिरणारी माणसं, त्यांत समाजवादी नेते झोरेस. आणखी बघायची इच्छा असेल तर त्यांच्याच नावाचं संग्रहालय काओरला आहे. गावाला जायच्या आधी या माणसाने तिथला उजेड कसा पाहिला हे कळलं तर तुमचा उत्साह वाढेल.

आणि यजमानांना हे उत्तर वाचायला देणार असाल तर बंधाऱ्याचा परिच्छेद आधी दाखवा, हट्टाचा वगळला तरी चालेल. मुलाला मात्र आज रात्रीच्या फोनवर दोनच कामं सांगा, नगरपालिकेत यजमानपत्रासाठी अर्ज करायचा, आणि पेश-मेर्लची तारखांची नोंदणी उघडली की सकाळच्या फेरीची चार तिकिटं काढायची. सुनेलाही सोमवारची रजा मिळते का, ते तिलाच विचारा.